३६५ मधला उरलेला एक दिवस: कायमची दिनदर्शिका आणि नवा आठवडा का रुजत नाही

प्रश्न असा आहे: दर वर्षी वार सरकतात, महिने कधी २८ तर कधी ३१ दिवसांचे, तिमाह्याही सारख्या नाहीत. मग एकदाची कायमची दिनदर्शिका का बसवत नाहीत? आणि आठवडाच पाच, सहा किंवा दहा दिवसांचा केला तर काय बिघडेल?

दोन्हींचं उत्तर एका भागाकारात आहे. ३६५ ला ७ ने भागलं की ५२ येतात आणि १ उरतो. लीप वर्षात २ उरतात. या उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हाच सगळ्या योजनांचा गाभा. तो दिवस कोणत्याच वारात मोजायचा नाही, हा एक मार्ग. तो साठवत न्यायचा आणि पुरेसे साठले की वर्षाला अख्खा आठवडा जोडायचा, हा दुसरा. तिसरा मार्ग म्हणजे सातचा आठवडाच मोडायचा. तिन्ही मांडून झाले आहेत, पहिला आणि तिसरा तर अमलात आणायचा गंभीर प्रयत्नही झाला आहे.

सध्याच्या व्यवस्थेची खरी तक्रार आधी नीट समजून घ्यावी. दर वर्षी भिंतीवर नवी दिनदर्शिका टांगावी लागते, ही तक्रार किरकोळ आहे. वर्षाचे प्रकार एकूण १४ (सात वारांपैकी एकाने सुरुवात, लीप किंवा साधं), आणि ४०० वर्षांत बरोबर १,४६,०९७ दिवस म्हणजे नेमके २०,८७१ आठवडे होतात, त्यामुळे सगळं चक्र ४०० वर्षांनी जसंच्या तसं परत येतं. संगणकाला यात काहीच कठीण नाही. अडचण तुलनेची आहे. फेब्रुवारी आणि मार्च यांच्यात तीन दिवसांचा, म्हणजे जवळजवळ ११ टक्क्यांचा फरक. आपल्या आर्थिक वर्षाच्या तिमाह्या ९१, ९२, ९२ आणि ९० दिवसांच्या. त्यात एखाद्या महिन्यात पाच शनिवार-रविवार आले की दुकानाची विक्री वाढलेली दिसते आणि कारखान्याचं उत्पादन घटलेलं. दोन्ही आकडे खरे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो.

पहिल्या मार्गावरची सर्वांत सुबक योजना म्हणजे एलिझाबेथ अ‍ॅकेलिस यांची ‘जागतिक दिनदर्शिका’. त्यांनी १९३० मध्ये न्यूयॉर्कला संघटना काढली आणि पुढची पंचवीस वर्षं हेच काम केलं. मूळ कल्पना त्याहून जुनी. मार्को मास्त्रोफिनी या इटालियन धर्मगुरूने १८३४ मध्येच वाराबाहेरचा दिवस सुचवला होता. रचना अशी: प्रत्येक तिमाही ९१ दिवसांची, महिने ३१, ३०, ३०. तिमाहीचा पहिला महिना रविवारी सुरू होतो, दुसरा बुधवारी, तिसरा शुक्रवारी. ३१ च्या महिन्यात पाच रविवार, ३० च्या महिन्यात चार, म्हणून प्रत्येक महिन्यात रविवार वगळून बरोबर २६ दिवस. ३० डिसेंबर शनिवारी संपतो, त्यानंतर एक बिनवाराचा ‘जागतिक दिवस’, आणि मग १ जानेवारीला पुन्हा रविवार. लीप वर्षात ३० जूननंतर आणखी एक बिनवाराचा दिवस.

ही योजना आपल्या तारखांना लावून पाहिली की ती कशी चालते ते लगेच कळतं. १५ ऑगस्ट कायमचा बुधवार, १ मे कायमचा बुधवार, २६ जानेवारी गुरुवार, २ ऑक्टोबर सोमवार, १४ एप्रिल शनिवार. १९ फेब्रुवारीची शिवजयंती मात्र कायमची रविवारी, म्हणजे ती सुट्टी सरकारी नोकराच्या हातून कायमची गेली. आज जी गैरसोय आलटूनपालटून सर्वांच्या वाट्याला येते, ती कायमच्या दिनदर्शिकेत एकाच्याच गळ्यात कायमची पडते. मार्चला ३० च दिवस, म्हणजे ३१ मार्च नाहीसा. उलट ३१ एप्रिल अवतरतो. ३१ मे, ३१ ऑगस्ट आणि ३१ डिसेंबरला जन्मलेल्यांनाही नवी तारीख शोधावी लागेल. आपल्याकडे शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लावलेली जी पिढी आहे, ती या बाबतीत सुरक्षित. १ जून सगळ्या योजनांत शाबूत आहे.

ही योजना तारखांमुळे पडली नाही, बिनवाराच्या दिवसामुळे पडली. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीदिन, पाळणाऱ्या ज्यूंच्या दृष्टीने दर सातवा दिवस हा मोजून येतो, सरकारने कागदावर काय छापलं याच्याशी त्याचा संबंध नाही. पहिल्या जागतिक दिवसानंतर खरा शनिवार छापील शुक्रवारी पडेल, पुढच्या वर्षी छापील गुरुवारी, लीप वर्षानंतर एकदम दोन दिवस मागे. म्हणजे धर्म पाळणाऱ्याची सुट्टी दर वर्षी कार्यालयाच्या नव्या दिवशी. मुसलमानांच्या जुम्म्याला आणि ख्रिश्चनांच्या रविवारालाही हेच लागू. आपल्याकडचे पुरस्कर्ते हा मुद्दा ‘त्यांच्या धर्माचा’ म्हणून सोडून देत, पण वार हे पंचांगाच्या पाच अंगांपैकी एक आहे. श्रावणी सोमवार, सोमवती अमावास्या, अंगारकी हे सगळं अखंड वारावर उभं आहे. मंगळवार कोणता हेच दोन प्रकारचं झालं, तर अंगारकी कोणती हा वाद दारात आला.

राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेने) १९२३ मध्ये समिती नेमली, तिच्याकडे १८५ च्या आसपास योजना आल्या. १९३१ च्या जिनिव्हा परिषदेत एकमत झालं नाही. ब्रिटनचे मुख्य रब्बी जोसेफ हर्ट्झ विरोधात आघाडीवर होते. पुढे संयुक्त राष्ट्रांत हा विषय १९५३ मध्ये पुन्हा आणला तो भारताने, आणि १९५४ मध्ये जिनिव्हाला बाजू मांडायला गेले शास्त्रज्ञ मेघनाद साहा. १ जानेवारी १९५६ ला रविवार येत होता, म्हणजे सांधा बदलायला सोयीचं वर्ष. १९५५ मध्ये अमेरिकेने धार्मिक आक्षेपांचं कारण देऊन नकार कळवला, १९५६ मध्ये विषय बेमुदत बाजूला पडला, आणि तो तसाच आहे.

तेरा महिन्यांची योजना याच वर्गातली. मोझेस कॉट्सवर्थ हा इंग्लंडच्या रेल्वे कंपनीत आकडेवारी सांभाळणारा माणूस; त्याने १९०२ मध्ये २८ दिवसांचे १३ महिने सुचवले. जून आणि जुलैच्या मध्ये ‘सोल’ नावाचा नवा महिना, वर्षाअखेर एक बिनवाराचा दिवस. प्रत्येक महिना रविवारी सुरू, म्हणून प्रत्येक महिन्याची १३ तारीख शुक्रवारी. १३ तारखेचा शुक्रवार अशुभ मानणाऱ्या पाश्चात्त्य अंधश्रद्धेला वर्षातून तेरा मेजवान्या. जॉर्ज ईस्टमन यांना ही कल्पना इतकी पटली की त्यांच्या कोडॅक कंपनीने १९२८ पासून १९८९ पर्यंत अंतर्गत हिशोब तेरा कालखंडांत ठेवला. हे शक्य झालं ते ‘अंतर्गत’ या शब्दामुळे. बाहेरच्या जगाशी व्यवहार नेहमीच्याच तारखांनी होत होता. शिवाय १३ ही मूळ संख्या आहे. तिमाही म्हणजे सव्वातीन महिने, सहामाही म्हणजे साडेसहा. घरभाडं, हप्ते, वर्गणी सगळं तेरा वेळा, आणि वार्षिक रक्कम बाराऐवजी तेराने भागायची. ज्या अडचणीसाठी योजना काढली, त्याहून मोठी अडचण पदरात.

आता दुसरा मार्ग, आठवडा साठवण्याचा. यात वाराची साखळी अखंड राहते, म्हणून धार्मिक आक्षेप उरत नाही. स्टीव्ह हॅन्के आणि रिचर्ड हेन्री या अमेरिकन प्राध्यापकांच्या हॅन्के-हेन्री योजनेत प्रत्येक तिमाही ३०, ३०, ३१ अशी. वर्ष ३६४ दिवसांचं, सुरुवात नेहमी सोमवारी. आणि पाच किंवा सहा वर्षांनी, क्वचित सात वर्षांनी, डिसेंबरनंतर सात दिवसांचा जादा तुकडा. ४०० वर्षांत असे ७१ तुकडे बसतात. इथे किंमत सूर्याकडून वसूल होते. या योजनेतली १ जानेवारी आपल्या २९ डिसेंबर ते ४ जानेवारी यांच्यात कुठेही येते. म्हणजे आज १४ जानेवारीला असलेली मकरसंक्रांत ११ ते १७ जानेवारी अशी हलत राहील. आजच्या पद्धतीत ऋतूंची तारीख एखाददुसरा दिवस हलते, इथे आठवडाभर. ३१ ऑक्टोबर ही तारीख उरत नाही, म्हणजे सरदार पटेलांची जयंती हलवावी लागेल. आणि शिवजयंती इथेही कायमची रविवारीच पडते! पण सर्वांत वाईट म्हणजे तो जादा तुकडा. तो कोणत्या महिन्यात धरायचा? मासिक पगार घेणाऱ्याने ते सात दिवस फुकट राबायचं का? भाडं, विमा, व्याज, भविष्यनिर्वाह निधी या प्रत्येकासाठी वेगळा नियम लिहावा लागेल. योजनाकार इथे दोन ओळींत उरकतात. पगारपत्रक करणाऱ्याला दोन ओळी पुरत नाहीत.

आठवडाच मोडण्याचे प्रयोग जास्त बोलके आहेत, कारण ते राज्यसत्तेच्या जोरावर झाले.

फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये ३० दिवसांचे १२ महिने केले, महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन दशक, वर्षाअखेर ५ किंवा ६ जादा दिवस. विश्रांती दहाव्या दिवशी. वर्षाला ५२ रविवारांच्या जागी ३६ सुट्ट्या, हे मजुराला पहिल्याच महिन्यात कळलं. दिवसाचे १० तास आणि तासाची १०० मिनिटं हा भाग १७९५ मध्येच सक्तीतून वगळला. लीप वर्ष ठरवायला पॅरिसच्या वेळेने शरदसंपाताचा (सप्टेंबरात दिवस-रात्र समान होतात तो) क्षण पाहायचा, ही अट आणखी अडचणीची: संपात मध्यरात्रीच्या अगदी जवळ आला तर दिवस कोणता, हे आधीपासून सांगता येत नाही, आणि नियमाने आधी सांगता येत नाही त्या वर्षाचे करार कसे लिहायचे? १८०२ मध्ये सरकारी नोकरांना रविवार परत मिळाला आणि १ जानेवारी १८०६ ला सगळी व्यवस्था गुंडाळली गेली.

सोव्हिएत प्रयोगाचा हेतू वेगळा होता. यंत्रं एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून सोव्हिएत अर्थतज्ज्ञ युरी लारिन यांनी १९२९ मध्ये अखंड उत्पादनाची कल्पना मांडली, आणि १ ऑक्टोबर १९२९ पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. कामगारांचे पाच गट, प्रत्येकाला एक रंग: पिवळा, गुलाबी, लाल, जांभळा, हिरवा. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी, पण प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळ्या दिवशी. कोणत्याही दिवशी ८० टक्के कामगार हजर. वर्ष म्हणजे असे ७२ आठवडे आणि ५ राष्ट्रीय सुट्ट्या. कागदावर हे चोख आहे: कामगाराला रविवारांपेक्षा जास्त सुट्ट्या, कारखान्याला जास्त दिवस.

मग बिघडलं काय? एक, दुरुस्ती. पूर्वी रविवारी यंत्र थंड असायचं, तेल-पाणी, पट्टे, बेअरिंग तेव्हा पाहिलं जायचं. आता यंत्र थांबतच नाही, म्हणून दुरुस्ती बिघाडानंतरच. दोन, जबाबदारी. चार यंत्रांवर पाच माणसं फिरती लावली की कोणतंच यंत्र कुणाचं राहत नाही. आपल्या लेथची धार आपणच सांभाळायची ही सवय मोडली. १९३१ मध्ये स्टालिनने स्वतः या बेवारशीपणावर टीका केली. तीन, बैठका: ज्या अधिकाऱ्याची सही हवी त्याचा रंग आज सुट्टीवर. आणि चौथी गोष्ट घरातली. नवरा पिवळा, बायको हिरवी, मुलाची शाळा लाल. विश्रांतीचा दिवस मिळतो, पण ती एकट्याची विश्रांती. १ डिसेंबर १९३१ पासून सर्वांना एकत्र सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आणला. सुट्टी दर महिन्याच्या ६, १२, १८, २४ आणि ३० तारखेला, फेब्रुवारीच्या टोकाला १ मार्च. खेड्यांत तरी सातचा आठवडा चालूच होता, म्हणजे शहराची सुट्टी आणि खेड्याचा बाजार जुळेना. २६ जून १९४० च्या हुकमाने सात दिवस परत आले. या काळात सोव्हिएत दिनदर्शिकेत ३० फेब्रुवारी होती असं वारंवार वाचायला मिळतं. ते चूक आहे. तारखा नेहमीच्याच होत्या, बदलला तो फक्त कामाचा आठवडा.

आपल्या शेजारचं उदाहरण त्या मानाने कमी माहीत असतं. श्रीलंकेने १९६६ ते १९७१ या काळात रविवारऐवजी पोया, म्हणजे चंद्राच्या चार कलांचे दिवस, साप्ताहिक सुट्टी म्हणून धरले. चांद्रमास २९.५३ दिवसांचा, त्याचा चौथा भाग ७.३८ दिवस. म्हणून आठवडा कधी सात तर कधी आठ दिवसांचा. बंदर, बँका, परदेशी व्यापार यांची सुट्टी जगाशी जुळेना, आणि रविवार परत आला.

याउलट दोन प्रकारचे बदल सहज पचतात. वार तसेच ठेवून सुट्टीचा दिवस बदलणं हा एक. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये गुरुवार-शुक्रवारऐवजी शुक्रवार-शनिवार केला; संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. दुबईतल्या मराठी माणसाला मुंबईच्या घरच्यांबरोबर रविवार मिळाला, वार कुणाचाच हलला नाही. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती याच जातीची, आणि राज्य सरकारी कार्यालयांचा २९ फेब्रुवारी २०२० पासूनचा पाच दिवसांचा आठवडाही. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची गुरुवारची सुट्टी म्हणजे लारिनच्या कल्पनेतला चांगला भाग: सुट्ट्या वाटून वीज वाचते, पण एका कारखान्यातले सगळे एकाच दिवशी घरी असतात.

दुसरा पचणारा बदल म्हणजे तारखा उडवणं. १५८२ मध्ये कॅथलिक देशांनी आजची ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली तेव्हा गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. इंग्रजांनी हे १७५२ पर्यंत मानलं नाही. म्हणून शिवराज्याभिषेक इंग्रज वकील ऑक्झेंडनच्या नोंदीत ६ जून १६७४ ला आहे, पोर्तुगीज गोव्याच्या गणनेत तोच दिवस १६ जून, आणि पंचांगात ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. वार मात्र तिन्हीकडे शनिवार. सामोआने ३० डिसेंबर २०११ चा शुक्रवार गाळला, तोही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या वाराशी जुळण्यासाठी. तरी तिथल्या शनिवार पाळणाऱ्या अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथीयांत खरा शनिवार कोणता यावरून फूट पडलीच.

भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका ही महिन्यांची सुधारणा होती, आठवड्याला तिने हात लावला नाही. साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये समिती नेमली गेली, तिच्यात नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते; अहवाल १९५५ चा, अंमल २२ मार्च १९५७ म्हणजे १ चैत्र १८७९ पासून. चैत्र ३० दिवसांचा (लीप वर्षात ३१ आणि सुरुवात २१ मार्चला), वैशाख ते भाद्रपद ३१ दिवसांचे, पुढचे सहा ३० चे. ३१ चे महिने उन्हाळा-पावसाळ्यात ठेवले, कारण जुलैच्या सुमारास पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते आणि सूर्याची राशीतली चाल मंदावते. रचना म्हणून ही ग्रेगरियनपेक्षा सरस आहे, हे माझं स्पष्ट मत. १५ ऑगस्ट नेहमी २४ श्रावण, २६ जानेवारी नेहमी ६ माघ.

तरी ती राजपत्रापलीकडे फारशी गेली नाही, आणि यात नावांचा मोठा दोष आहे. राष्ट्रीय श्रावण २३ जुलैला सुरू होतो. घरातल्या पंचांगाचा श्रावण आषाढी अमावास्येनंतर. २०२३ मध्ये १८ जुलैला अधिक श्रावण लागला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला. एका वर्षात तीन श्रावण कोण सांभाळणार? नव्या महिन्यांना नवी नावं दिली असती तर निदान हा घोळ झाला नसता. बँका राष्ट्रीय दिनदर्शिकेतल्या (शक) तारखेचा धनादेश घेतात, पण तो खिडकीवर पोचला की मुदत संपली की नाही हे पाहायला कुणीतरी ग्रेगरियन तारीख काढतंच.

मग समान कालखंड हवेच असतील तर करायचं काय? दिनदर्शिका तशीच ठेवून हिशोब आठवड्यांत ठेवावा. आंतरराष्ट्रीय आठवडा-क्रमांकाचा नियम असा: आठवडा सोमवारी सुरू, ज्या आठवड्यातला गुरुवार ज्या वर्षात, तो आठवडा त्या वर्षाचा. १ जानेवारीला गुरुवार असेल, किंवा लीप वर्ष असून बुधवार असेल, तर वर्षाला ५३ आठवडे. २०२६ असं आहे: त्याचा पहिला आठवडा २९ डिसेंबर २०२५ ला सुरू होतो आणि त्रेपन्नावा ३ जानेवारी २०२७ ला संपतो. संगणकात नेमकी इथेच चूक होते. अनेक प्रणालींत वर्षाच्या जागी चार कॅपिटल वाय लिहिले की आठवड्याचं वर्ष मिळतं, स्मॉल वाय लिहिले की दिनदर्शिकेचं. अदलाबदल झाली तर वर्षभर सगळं बरोबर दिसतं आणि डिसेंबरच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांच्या पावत्यांवर पुढचं वर्ष छापलं जातं. एक्सेलचं साधं वीकनम सूत्रही १ जानेवारीच्या आठवड्याला पहिला धरतं. आंतरराष्ट्रीय क्रमांकासाठी आयएसओवीकनम वापरावं.

तिमाहीचे १३ आठवडे ४-४-५ असे वाटले की प्रत्येक ‘महिन्या’त शनिवार-रविवार ठरलेले येतात. पाच आठवड्यांचा महिना इतरांहून २५ टक्के मोठा असतो, म्हणून तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशीच करावी, शेजारच्या महिन्याशी नाही. दिवाळीला हे लागू पडत नाही. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. कपडे, मिठाई, वाहनं यांच्या आकड्यांसाठी लक्ष्मीपूजनापासून मागे मोजलेले आठवडे वेगळे ठेवावेत. टीडीएसची ७ तारीख, भविष्यनिर्वाह निधीची १५, जीएसटीची २० आणि ३१ मार्चचा ताळेबंद कायद्याने ठरलेले असल्याने वर्षाअखेरचा आठवडा फोडावाच लागतो. ३१ मार्च २०२६ ला मंगळवार आहे: सोमवार-मंगळवार जुन्या वर्षात, उरलेले पाच दिवस नव्या वर्षात. ही फोड साठ्याच्या मोजणीला आणि कंत्राटी मजुरीच्या बिलांना एकाच तारखेने लावावी. मजुरीचं बिल पुढच्या शनिवारपर्यंतचं आणि साठा मंगळवारचा धरला, की चार दिवसांचा खर्च चुकीच्या वर्षात जातो. त्रेपन्नावा आठवडा वर्षाच्या शेवटच्या महिन्यात टाकावा आणि अहवालात तो वेगळ्या ओळीत दाखवावा. पुढच्या वर्षी तुलना करताना जुन्या वर्षाचे आठवडे एकाने पुढे सरकवून घ्यावेत, नाहीतर सणाचा आठवडा साध्या आठवड्यासमोर येतो.